जप्तीपूर्वीचे दीडशे दिवस

वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात ज्या जाहीर नोटिसा छापल्या जातात, त्या ज्याचा त्यांच्याशी संबंध आहे त्याच्यावाचून सहसा कोणी वाचीत नाही. कर्जदाराचे नाव, त्याच्याखाली सहकर्जदार म्हणून बहुधा त्याच्या पत्नीचे नाव, मग सदनिकेचा क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, चतुःसीमा, थकलेली रक्कम आणि शेवटी ताबा घेतल्याची तारीख, असा त्यांचा ठरलेला साचा आहे. ताबा घेतल्याची सूचना सात दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत, त्यांतील एका स्थानिक भाषेतील पत्रात, प्रसिद्ध करणे बँकांवर नियमानेच बंधनकारक आहे. वृत्तपत्रांना या चौकटींपासून उत्पन्न होते, हेही येथेच सांगून टाकलेले बरे. या चौकटींत गोदामे आणि कारखाने असतात, तशीच मुंबई-ठाण्याच्या आणि पुण्याच्या उपनगरांतील दोन खोल्यांची बिऱ्हाडेही असतात. ज्यांनी आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही, वाण्याची उधारी ठेवलेली नाही, अशा माणसांची नावे तेथे छापून आली म्हणजे नातेवाइकांत आणि सोसायटीत एकच धावपळ सुरू होते. कोणी वकील शोधतो, कोणी आमदारांचे पत्र आणतो, कोणी बँकेतल्या ओळखीच्या माणसाला गाठतो. परंतु ज्या घटकेला ही धावपळ सुरू होते त्या घटकेला कायद्याने बहुतेक दारे बंद केलेली असतात. ती उघडी असतात त्या काळात कर्जदार गप्प बसलेला असतो आणि त्याला बोलते करण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नाही. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

ज्या कायद्याखाली ही कारवाई होते तो २००२ सालचा 'सरफेसी' कायदा होय. तो का करावा लागला हे विसरून त्याच्या नावाने बोटे मोडणे न्याय्य होणार नाही. त्यापूर्वी बँकेला तारण मालमत्ता विकावयाची तर दिवाणी न्यायालयात किंवा १९९३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा लावावा लागे आणि तो वर्षानुवर्षे चाले. बड्या कर्जबुडव्यांनी या दिरंगाईचा यथेच्छ फायदा घेतला. बँकेचा पैसा म्हणजे शेवटी ठेवीदाराचा, पुष्कळदा पेन्शनीवर जगणाऱ्या वृद्धाचा पैसा असतो. तो बुडू नये म्हणून न्यायालयाच्या मध्यस्थीवाचून तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देण्यात आला. यात गैर काही नव्हते. गैर झाले ते इतकेच की, गिरणीमालकावर उगारण्यासाठी घडविलेला हा हातोडा मध्यमवर्गीयाच्या सदनिकेवरही त्याच जोराने पडू लागला. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे, कर्जाची रक्कम एक लाखाहून अधिक नसेल तर ते प्रकरणही वगळले आहे. कर्जदार स्वतः कुटुंबासह राहतो ते एकमेव घर मात्र कायद्याच्या दृष्टीने गोदामाहून निराळे नाही.

आता या कायद्याचे घड्याळ कसे चालते ते पाहू. हप्ता थकून नव्वद दिवस उलटले की बँक ते खाते अनुत्पादित म्हणून वर्ग करते. त्यानंतर कलम १३ च्या पोटकलम दोनखालील नोटीस येते, आणि तिची मुदत साठ दिवसांची असते. नव्वद आणि साठ मिळून दीडशे दिवस झाले. या नोटिशीत मागितलेली रक्कम थकलेल्या तीन-चार हप्त्यांची नसते, शिल्लक राहिलेल्या सगळ्या कर्जाची असते. नव्वद हजार रुपये थकलेल्या माणसाकडे तीस लाख रुपये साठ दिवसांत भरण्याची मागणी आली की त्याचे हातपाय गळतात. तो पत्र कपाटात ठेवून देतो आणि तेथेच पहिली चूक होते. कारण रक्कम कितीही मोठी लिहिलेली असो, रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मुद्दल आणि व्याज यांची *थकलेली* बाकी पूर्ण भरली तर खाते पुन्हा नियमित वर्गात येऊ शकते. मात्र ती पूर्ण भरावी लागते. चार हप्ते थकले असता दोन भरून खाते सुधारत नाही, हे २०२१ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे. ज्याच्याजवळ दोन हप्त्यांचेच पैसे आहेत त्याने ते भरण्यापूर्वी बँकेशी बोलून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

हप्ते थकतात कशाने? नोकरी जाते, आजारपण येते, धंदा बसतो, कर्ता पुरुष निधन पावतो. ही कारणे जुनीच आहेत. त्यांत एका नव्या कारणाची भर पडली आहे, ती व्याजदराची. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाह्य दराशी बांधली गेली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या जेमतेम नऊ-दहा महिन्यांत तो रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. याचा अर्थ घरात काय होतो? वीस वर्षांच्या मुदतीने सात टक्के दराने घेतलेल्या तीस लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे तेवीस हजार दोनशे साठ रुपये होतो. दर साडेनऊवर गेला म्हणजे त्या कर्जाचे निव्वळ एका महिन्याचे व्याजच तेवीस हजार साडेसातशे भरते. म्हणजे कर्ज नुकतेच घेतलेला माणूस जुना हप्ता बिनचूक भरीत राहिला, तरी मुद्दल फिटणे दूरच, ते दरमहा वाढू लागते. मुदत न वाढविता कर्ज फेडावयाचे तर हप्ता अठ्ठावीस हजारांच्या घरात न्यावा लागतो. पगारदाराच्या अंदाजपत्रकात दरमहा पावणेपाच हजारांची ही फट कोठून बुजवावयाची? २०२५ मध्ये दर पुन्हा खाली आले हे खरे. परंतु मधल्या दोन-अडीच वर्षांत ज्याचे खाते बिघडले त्याला ही उतार कितपत लाभली असेल, याचा विचार व्हावयास हवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये आज्ञा काढून दर वाढताना हप्ता वाढवावयाचा, मुदत वाढवावयाची की दोन्ही थोडेथोडे करावयाचे, हे ठरविण्याचा पर्याय कर्जदाराला दिला आणि मुद्दल उलटे वाढू देऊ नये असेही बँकांना बजावले. त्याच महिन्यातील दुसऱ्या आज्ञेने दंडव्याजाची पद्धत बंद केली. दंड आकारावयाचा तर शुल्क म्हणून, त्यावर पुन्हा व्याज न चढविता, असे आता आहे. या दोन्ही आज्ञा चांगल्या आहेत. आपल्या शाखेत जाऊन त्यांचा उपयोग मागणारे कर्जदार मात्र अभावानेच आढळतात.

न मागण्याचे कारण केवळ अज्ञान हे नव्हे. आमचा मध्यमवर्ग सुशिक्षित आहे, वर्तमानपत्र वाचतो, आयकराचे विवरणपत्र स्वतः भरतो. पण देणे थकले हे उच्चारण्याची त्याला लाज वाटते. झाकली मूठ सव्वा लाखाची या न्यायाने तो पहिल्या महिन्यात बँकेचा दूरध्वनी घेत नाही, दुसऱ्या महिन्यात दागिने गहाण टाकतो, तिसऱ्या महिन्यात क्रेडिट कार्डावर पैसे उचलून गृहकर्जाचा हप्ता भरतो. नऊ टक्क्यांचे देणे त्याच्या कित्येक पट महागड्या देण्याने फेडण्याचा हा व्यवहार कोणत्याही हिशेबनिसाला हास्यास्पद वाटेल. परंतु तो करणारी माणसे हिशेबात कच्ची नसतात, ती भ्यालेली असतात. कित्येक घरांत सहकर्जदार असलेल्या पत्नीलाही थकबाकीचा पत्ता दारावर नोटीस चिकटेपर्यंत लागत नाही. या भीतीवर जगणारा एक नवा व्यवसायही आता निर्माण झाला आहे. 'हप्ते भरणे थांबवा, आम्ही निम्म्यात तडजोड करून देतो' असे सांगून हे मध्यस्थ आगाऊ शुल्क घेतात. हप्ते थांबविल्याने खाते अधिकच बिघडते, तडजोड झालीच तरी 'पूर्ण फेड' असा शेरा पतनोंदीत न पडता 'तडजोड' असा पडतो आणि पुढे वर्षानुवर्षे दुसरे कर्ज मिळणे दुरापास्त होते, हे ते सांगत नाहीत. काहीजण तर घर तात्पुरते आपल्या नावावर करून देण्याचा सल्ला देतात. तो ऐकणाऱ्याला पुढे बँकेच्या लिलावाचीही वाट पाहावी लागत नाही.

या दीडशे दिवसांत खरी मदत कोठे मिळते? प्रथम ती बँकेतच असते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. बँकेला सदनिका नको असते, नियमित हप्ते हवे असतात. खाते अनुत्पादित झाले म्हणजे बँकेला आपल्या नफ्यातून तरतूद करावी लागते. म्हणून नव्वद दिवसांच्या आत जो कर्जदार उत्पन्न घटल्याचा पुरावा घेऊन जातो, त्याची मुदत वाढवून देण्यात किंवा काही काळ हप्ता कमी करण्यात तिचाही स्वार्थ असतो. २०२० च्या महामारीत रिझर्व्ह बँकेने मार्चपासून ऑगस्टपर्यंत हप्ते स्थगित ठेवू दिले, पुढे पुनर्रचनेच्या दोन योजनाही आणल्या. त्या संपल्या आहेत. परंतु वैयक्तिक पुनर्रचनेचा मार्ग त्यांच्यापूर्वीही होता आणि आजही आहे. हा अर्ज लेखी असावा, त्याची पोच घ्यावी आणि शाखेतल्या कारकुनाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. दुसऱ्या बँकेत कमी दराने कर्ज हलविण्याचा उपायही आहे, तथापि तो हप्ता चुकण्यापूर्वीचाच आहे. थकलेले खाते कोणी घेत नाही. (मुदतीपूर्वी कर्ज फेडण्यालाच आपल्या बँका 'फोरक्लोजर' म्हणतात. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ घर जप्त होणे असा आहे. या एका शब्दाने किती जणांचा गोंधळ उडविला असेल कोण जाणे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर अशा मुदतपूर्व फेडीसाठी बँकांना २०१२ पासून शुल्क घेता येत नाही.) घर स्वतःच बाजारभावाने विकून कर्ज फेडणे हा कडू पर्यायही येथेच मोडतो. लिलावात मिळणारी किंमत आणि स्वतः सवडीने विकून मिळणारी किंमत यांतील अंतर वेगळे सांगावयास नको.

साठ दिवसांची नोटीस आल्यावरही एक हत्यार उरते. नोटिशीला लेखी हरकत घेण्याचा अधिकार कर्जदाराला आहे आणि बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिलेच पाहिजे. हा अधिकार मूळ कायद्यात नव्हता. मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला, पण कर्जदाराचे म्हणणे ऐकण्याची आवश्यकता प्रतिपादिली, आणि दाद मागण्यापूर्वी पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. त्यानंतर संसदेने ही तरतूद घातली. हिशेबातील चूक, न धरलेला भरणा, जास्त लावलेले शुल्क हे सारे येथे मांडता येते. बहुसंख्य कर्ज फेडून झाले असेल आणि देय बाकी मुद्दल-व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी असेल, तर या कायद्याखाली कारवाईच होऊ शकत नाही. पंधरा-सोळा वर्षे हप्ते भरून शेवटी अडखळलेल्या माणसाने हे कलम अवश्य दाखवावे. वसुलीची माणसे सकाळी आठपूर्वी किंवा संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करू लागली, नातलगांना त्रास देऊ लागली, तर बँकेकडे तक्रार करून तीस दिवस वाट पाहावी आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे करावी लागते. आपण कोणाचे कर्जदार आहोत हे पाहून घेतले नाही, तर मोलाचे आठवडे चुकीच्या दारात जातात.

दीडशे दिवस संपले की चित्र पालटते. बँक ताबा घेते. प्रथम पुष्कळदा कागदोपत्री, मग जिल्हाधिकारी किंवा मुख्य दंडाधिकारी यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष. हे अधिकारी कर्जदाराची कैफियत ऐकत नाहीत. बँकेचे शपथपत्र नियमास धरून आहे की नाही एवढेच ते पाहतात. दिवाणी न्यायालयाचे दार या कायद्याने बंद केले आहे. राहता राहिले कर्जवसुली न्यायाधिकरण. तेथे पंचेचाळीस दिवसांत अर्ज करावा लागतो, तोही शुल्क भरून. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेच आहेत. कोकणातल्या वा विदर्भाच्या टोकाच्या माणसाने तेथवर जाण्याचा खर्च कोणत्या हप्त्यातून करावयाचा? एक गोष्ट मात्र आवर्जून सांगण्याजोगी आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्या कायद्यातील 'न्यायालय' या शब्दात न्यायाधिकरणही येते. नोटिशीवर सहकर्जदार म्हणून जिचे नाव आहे, त्या गृहिणीला हा हक्क आहे याची वार्ता तिच्यापर्यंत कोणी पोहोचविली आहे काय?

सर्वांत कठोर बदल झाला तो २०१६ च्या दुरुस्तीने. गहाण टाकलेली वस्तू प्रत्यक्ष विकली जाईपर्यंत कर्ज फेडून ती सोडवून घेता यावी, हे गहाणाच्या कायद्याचे जुने आणि सर्वमान्य तत्त्व होते. या दुरुस्तीने ती सीमारेषा लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याच्या दिवसापर्यंत मागे खेचली, आणि २०२३ साली बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ तसाच लावला. लिलावाची जाहिरात पाहून गावाकडची जमीन विकून पैसे घेऊन धावत आलेल्या मुलाला आता हक्क म्हणून आपले घर सोडविता येत नाही. लिलावात वचन देणाऱ्या खरेदीदाराला निश्चिती हवी, हा युक्तिवाद आम्हांस कळतो. परंतु वखारीच्या लिलावातील निश्चितीसाठी राहत्या घराच्या मालकाचा शेवटचा महिना हिरावून घेणे समतोलपणाचे नाही.

हा प्रश्न केवळ बड्या बँकांचा आहे असेही नव्हे. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही याविषयी दीर्घकाळ वाद होता. तो मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२० साली घटनापीठाने सोडविला आणि कायदा लागू आहे असा निर्णय दिला. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकेचा संचालक हा कर्जदाराच्या ओळखीचा, त्याच्याच गल्लीतला माणूस असे. त्या ओळखीचा गैरफायदा घेऊन काही बँका बुडाल्या हेही आपण पाहिले. तरीही त्या ओळखीत अडचण सांगण्याची एक जागा होती, ती आता नोटिशीच्या छापील मसुद्याने घेतली आहे.

देणेकरी आणि घेणेकरी यांच्यामध्ये अशी जागा कायद्यानेच निर्माण करावी, हा विचार या प्रदेशाला परका नाही. १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. न्यायाधीशाने खतावरील आकड्यावर न थांबता देण्याचा सारा पूर्वेतिहास तपासावा, हप्ते बांधून द्यावेत, आणि जेथे सलोखा करणारे मध्यस्थ नेमले आहेत तेथे त्यांच्या दाखल्यावाचून दावाच दाखल होऊ नये, अशा त्याच्या तरतुदी होत्या. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून काम केले आहे. ती पद्धत निर्दोष नव्हती. पुढे मध्यस्थांची योजना मोडीतही निघाली. पण जप्तीपूर्वी समोरासमोर बसविण्याची आवश्यकता परकी सरकारलाही पटली होती. अमेरिकेत १९३३ मध्ये मंदीने घरे धडाधड जाऊ लागली तेव्हा तेथील सरकारने स्वतंत्र महामंडळ काढून सुमारे दहा लाख गहाणखते आपल्याकडे घेतली आणि ती लांब मुदतीची करून दिली. त्यांतीलही सुमारे पाचापैकी एक घर शेवटी गेलेच, बाकीची वाचली. २००८ च्या अरिष्टात तेथे पुन्हा लक्षावधी कुटुंबे बेघर झाल्यावर २०१४ पासून असा नियम आहे की, हप्ता थकून १२० दिवस होईपर्यंत जप्तीची पहिली कारवाई दाखलच करता येत नाही. त्या काळात कर्जदाराला सरकारमान्य सल्लागारांकडे विनामूल्य जाता येते.

आपल्याकडे अशा सल्लागारांची कल्पना निघाली नाही असे नाही. रिझर्व्ह बँकेने २००९ साली 'आर्थिक साक्षरता व पत-समुपदेशन केंद्रां'ची योजना आखली. २०१२ च्या सुधारित सूचनांत नावातील पत-समुपदेशन गळून गेले आणि 'आर्थिक साक्षरता केंद्रे' तेवढी उरली. खाते कसे उघडावे हे शिकविणे आवश्यकच आहे. परंतु बुडणाऱ्याला पोहण्याचे पाठ देऊन भागत नाही. दुसरी विसंगती याहून बोचरी आहे. व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात २०१८ पासून, तातडीचा दिलासा मागितलेला नसेल तर, दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. दोन व्यापाऱ्यांनी भांडण्यापूर्वी एकत्र बसावे असे संसदेला वाटते, आणि बँकेने एखाद्या कुटुंबाला राहत्या घराबाहेर काढण्यापूर्वी त्याच्यासमोर एकदा तरी बसावे असे वाटत नाही.

म्हणून आमची मागणी कर्जमाफीची नाही. राहत्या एकमेव घराच्या बाबतीत जिल्हाधिकारी वा दंडाधिकारी यांच्याकडे ताब्यासाठी अर्ज करण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणासमोर एक बैठक झाल्याचा दाखला बँकेने जोडावा, त्या बैठकीला तीस दिवसांची मर्यादा असावी, आणि घर सोडवून घेण्याचा हक्क निदान राहत्या घरापुरता लिलावाच्या दिवसापर्यंत पुन्हा लांबवावा, अशी दुरुस्ती संसदेने करावी. तिची वाट न पाहता होण्यासारखेही काही आहे. महाराष्ट्रातील बँकांच्या राज्यस्तरीय समितीने ठरविले, तर थकलेल्या पहिल्या हप्त्यानंतर जाणाऱ्या पत्रातच पुनर्रचनेचा अर्ज, तो घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता मराठीत छापता येईल. ते पत्र पती-पत्नी दोघांच्या नावे स्वतंत्रपणे पाठविता येईल. त्याला टपालखर्चापलीकडे फारसा खर्च नाही, आणि कोणत्याही बँकेचे संचालक मंडळ हा निर्णय आपल्या पुढच्या बैठकीत घेऊ शकते.